सोंग घेतलेल्या मुलांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोकुळाष्टमीचा कृष्ण, शाळेच्या वेशभूषा स्पर्धेतला मावळा, शिमग्यातला संकासुर आणि आता हॅलोविनचं भूत. कोकणातलं मूल वर्षभरात कसलं ना कसलं सोंग घेतंच, आणि घरचे फोन काढून मागे धावतातच. त्यानंतर ‘फोटो नीट का आले नाहीत’ म्हणून आमच्याकडे येतात. स्टुडिओच्या काउंटरवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरं साध्या फोनलाही चालतात. कॅमेरा बदलायची गरज फार थोड्यांना असते. फोटोची वेळ आणि जागा मात्र जवळजवळ सगळ्यांनी बदलायला हवी.

कोकणात हॅलोविन कशाला? आपल्याकडे भुतं कमी आहेत का?

मुळीच कमी नाहीत. मुंजा, हडळ, देवचार, गिऱ्हा अशी यादी कुठलीही आजी एका दमात सांगेल. पण मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली नातवंडं ३१ ऑक्टोबरला चेटकिणीची टोपी घालून हिंडतात, किनाऱ्यावरच्या हॉटेलांतही त्या दिवशी काही ना काही असतं, आणि दिवाळी त्याच्याच आगेमागे येते. २०२४ साली तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. म्हणजे आदल्या रात्री सिंधुदुर्गात आणि गोव्यात नरकासुर नाचले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरांनी ड्रॅक्युलाचे सुळे लावले. फोटो काढणाऱ्याला दोन्ही सारखेच. काळे कपडे, रंगवलेला चेहरा, अंधार आणि एका जागी न थांबणारं मूल.

फोटो किती वाजता काढायचे?

कार्यक्रमाच्या आधी. हे एकच ऐकलंत तरी निम्मे फोटो सुधारतील. ऑक्टोबरअखेरीस आपल्या किनाऱ्यावर सूर्य सहाच्या जरा नंतर बुडतो आणि साडेसहाला काळोख पडतो. हॅलोविनची पार्टी म्हणाल तर ती सुरूच होते सात-साडेसातला. त्यामुळे मुलाला पाचलाच तयार करा, साडेपाचपर्यंत फोटो आटपा, मग त्याला सोडा. रात्री जे मिळतील ते वरचे. शिमग्याच्या दिवसांत, मार्चमध्ये, सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो, तेव्हा सहापर्यंत निवांत वेळ असतो.

भर दुपारी मात्र नको. ऑक्टोबरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते, मूल डोळे बारीक करतं आणि नकली दाढीच्या आत घामाने भिजतं.

घरात चांगला उजेड कुठे मिळतो?

कोकणातल्या जुन्या घराला पडवी असेल तर प्रश्नच मिटला. पडवीचं उतरतं छप्पर वरून येणारं ऊन अडवतं आणि समोरच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, मऊ, एकसारखा उजेड आत येतो. असाच उजेड मिळावा म्हणून स्टुडिओत मोठाल्या छत्र्या आणि पांढरे पडदे लावावे लागतात. तुमच्या घरी तो फुकट आहे.

मुलाला पडवीच्या कडेला, छपराच्या सावलीची रेघ जिथे जमिनीवर पडते तिच्या हातभर आत उभं करा. तोंड खळ्याकडे. तुम्ही खळ्यात उतरून त्याच्याकडे बघा. मागे माजघराचा दरवाजा उघडा ठेवलात तर पार्श्वभूमी आपोआप काळोखी होते आणि चेहरा उठून दिसतो. आता मुलाला हळूच एका कुशीला वळायला सांगा. नाकाची सावली किंचित गालावर आली की थांबवा. रंगवलेल्या चेहऱ्यावरच्या रेघा, खोट्या दाढीचा कापूस, मुकुटाची टिकली हे सगळं अशा तिरक्या उजेडात खुलतं. अगदी समोरून सपाट उजेड आला की तोच मुकुट पुठ्ठ्याचा दिसतो.

एक बघून घ्या. खळ्यात तांबडी माती असेल आणि तिच्यावर ऊन पडलं असेल तर हनुवटीखाली तांबूस झाक येते. मावळ्याला ती शोभते, पांढरं तोंड रंगवलेल्या भुताला शोभत नाही. पायापाशी एक पांढरी चादर किंवा धुतलेलं धोतर अंथरा, चौकटीबाहेर राहील असं. झाक जाते आणि डोळ्यांत चमकही येते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीचं दार किंवा मोठी खिडकी तेच काम करते. फक्त आतली ट्यूब बंद करा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि एक पिवळट येते.

समुद्रावर काढले तर मूल काळं का येतं?

आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी समुद्र मागे घेऊन मुलाला उभं केलं की सूर्य त्याच्या पाठीशी येतो आणि फोन आभाळ सांभाळायला जाऊन चेहरा काळा करतो. दोन वाटा आहेत. एक, तुम्ही पाण्याकडे पाठ करा आणि मुलाला समुद्राकडे तोंड करून उभं करा. सोनेरी ऊन थेट चेहऱ्यावर येईल आणि मागे सुरूचं बन किंवा माड येतील. पाण्याकडे पाठ करताना लाटेकडे कान ठेवा. दुसरी, काळं येतंय तर येऊ दे! चेटकिणीची टोकदार टोपी, झाडू, राक्षसाची शिंगं, धनुष्य ओढलेला राम ही सोंगं नुसत्या आकारावर ओळखू येतात. आभाळावर बोट टेकवा, उजेड थोडा खाली ओढा, मुलाला आडवं वळवून नाक-हनुवटी वेगळी दिसेल असं उभं करा. ओहोटीच्या ओल्या वाळूत खाली प्रतिबिंबही मिळतं.

वाळूचा रंगही बघावा. रत्नागिरीतच पांढरा समुद्र आणि मांडवीचा काळा समुद्र आहेत. पांढरी वाळू खालून उजेड परतवते, म्हणून चेहऱ्यावरच्या सावल्या हलक्या होतात. काळी वाळू उजेड पिऊन टाकते. गंभीर, भीतिदायक सोंगाला मी मांडवीच निवडेन.

संकासुराचा काळा वेष राखाडी का दिसतो? आणि पांढरं भूत मळकट का?

दोन्हींचं कारण एकच आहे. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. तो चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी मध्यम करड्यावर आणायला बघतो. काळ्याने चौकट भरली की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो: काळा झगा राखाडी होतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. चादर पांघरलेलं भूत आलं की उलटं. त्याला उजेड जास्त वाटतो, तो कमी करतो आणि तुमची नीळ घातलेली चादर धुळकट दिसते.

फोनमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवलं की बाजूला बहुतेक वेळा छोटा सूर्य किंवा पट्टी येते. काळ्या वेषाला ती थोडी खाली ओढा, पांढऱ्याला थोडी वर. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय) काळ्याला उणे दोन तृतीयांश ते उणे १, पांढऱ्याला अधिक दोन तृतीयांश ते अधिक १, इथून सुरुवात करा. हिशेब उलटा वाटतो खरा, पण करून बघा.

काळा वेष काळोख्या दारासमोर उभा केलात तर मूल नाहीसं होईल आणि दाढी तेवढी हवेत तरंगेल. त्याला चुन्याची भिंत द्या. पांढऱ्या भुताला जांभ्याचा गडगा किंवा हिरवी बाग.

बागेत काढलेल्या फोटोत चेहरा हिरवा येतो.

पोफळी, केळी, आंब्याच्या दाट पानांतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो. त्यात भर म्हणजे मधूनमधून उन्हाचे कवडसे, ते चेहऱ्यावर पांढरे डाग पाडतात. मुलाला बागेच्या कडेला आणा, जिथे डोक्यावर आभाळ मोकळं आहे, आणि बाग पाठीमागे ठेवा. देवचार व्हायचं असेल तर हिरवाच राहू दे.

रात्रीचे फोटो हललेले येतात. नाइट मोड लावूनसुद्धा!

नाइट मोडमुळेच. तो सेकंद-दोन सेकंद अनेक फोटो घेऊन एकत्र करतो. देवळाच्या दीपमाळेला ते ठीक, सहा वर्षांच्या चेटकिणीला नाही. उभ्या मुलाला शटर (कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ) निदान १/१२५ सेकंद हवं, चालत्याला १/२५०, धावत्याला १/५००. तेवढ्यासाठी उजेड लागतो, म्हणून मुलालाच उजेडाकडे न्या. वडापावची गाडी, किराणा दुकानाचा काउंटर, पडवीतली ट्यूब यांच्यासमोर उभं करा. दिव्याखाली उभं केलंत तर डोळे खड्ड्यात जातात. दोन पावलं पुढे येऊन दिव्याकडे तोंड करायला सांगा.

स्वस्तातल्या एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेऱ्यात शटर १/१०० ठेवलं की पट्टे जातात, पण मग मुलाने क्षणभर गप्प उभं राहायला हवं. त्याला पुतळा व्हायला सांगा, पुतळ्याचा खेळ सगळ्यांना येतो.

फ्लॅश वापरावा का?

फोनचा शक्यतो नको. अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौपट कमी होतो, त्यामुळे पुढचं मूल पांढरंफटक आणि मागची मंडळी काळोखात जातात. सोनेरी कागदाचा मुकुट, चमकी, चंदेरी तलवार यांच्यावर तो नुसता आदळून परत येतो. त्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या फोनचा टॉर्च बाजूने, मुलाच्या चेहऱ्यापेक्षा थोडा वर धरायला सांगा आणि त्याच्यावर पातळ पांढरा रुमाल घाला. टॉर्च हनुवटीखाली धरून भूत करायची हौस असेल तर एकदा करा, पोरं खूश होतात. टॉर्च डोळ्यांत मात्र मारू नका.

भोपळ्यात दिवा लावून फोटो हवा आहे.

आयर्लंडमध्ये हे लोक आधी सलगम कोरायचे; तिकडची माणसं अमेरिकेत गेली आणि भोपळा हाताशी आला. आपला लाल भोपळा चालतो, फक्त साल जाड असते, त्यामुळे सुरी मोठ्यांच्याच हातात. काढलेल्या गराचे घारगे करा. कोरलेला भोपळा आपल्या दमट हवेत लवकर मऊ पडून आंबतो, म्हणून त्याच दिवशी कोरा.

आत पेटती मेणबत्ती ठेवून शेजारी नायलॉनचा झगा आणि केसांचा टोप घातलेलं मूल बसवू नका. हे कपडे भुरकन पेटतात आणि वितळून अंगाला चिकटतात. दिवाळीच्या बाजारात बॅटरीवरच्या पणत्या ढिगाने मिळतात, त्यातल्या दोन-तीन आत टाका. फोटोत फरक ओळखू येत नाही.

वेळ पाळा. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आभाळ निळं असतं आणि भोपळ्यातला पिवळा उजेडही दिसतो. आधी काढलं तर दिवा दिसत नाही, नंतर काढलं तर घर दिसत नाही. बाकीचे दिवे बंद, फोन कठड्यावर टेकवलेला, मूल भोपळ्याच्या अगदी जवळ वाकलेलं. आकाशकंदील वर असेल तर तोही चौकटीत घ्या.

मूल उभंच राहत नाही. मग रडतं.

‘हस बाळा, इकडे बघ’ म्हणणं आधी बंद करा. त्याने वाघाचं सोंग घेतलंय, वाघ कशाला हसेल? त्याला काम द्या. दाराआड लपून काकाला घाबरव, झाडू घेऊन पायऱ्यांची पाखाडी उतर, आजोबांच्या काठीची तलवार कर. मालवणकडची एक चिमुकली हडळ आमच्याकडे कॅमेऱ्यापुढे मान खाली घालून उभी होती. मामाने खोटं खोटं घाबरून मागे उडी मारली, तशी ती हात पंज्यासारखे करून ओरडली, ‘खातंय तुका!’ आणि मग थांबेचना. बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो घेणाऱ्या मोडवर, बोट दाबून ठेवायची वेळ तीच.

खाली बसा. तुमचा कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आला पाहिजे, आणि राक्षस-राजा असेल तर त्याहूनही खाली, म्हणजे तो मोठा दिसतो. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती टोपी येते.

आणि तयारी चालू असतानाच काढायला लागा. माझ्या मते सोंगाच्या सगळ्या फोटोंत हेच सरस निघतात. आजी काजळात बोट बुडवून मिशी काढते आहे, पोरगं वरचा ओठ आत ओढून, श्वास धरून, डोळे वर करून बसलंय, आणि मागे आई दातांत सेफ्टी पिन धरून धोतर खोचते आहे. तिथे कुणाला ‘इकडे बघा’ म्हणावं लागत नाही. रडलं तर थांबा, काहीतरी खायला द्या. मुकुट टोचत असतो, बहुतेक वेळा तेवढंच असतं.

मुखवट्यामुळे चेहराच दिसत नाही.

दोन फोटो काढा. एक मुखवटा घालून, एक तो कपाळावर सरकवून. दुसरा पुढे जास्त बघितला जातो. मुखवट्यातून डोळे दिसायला हवे असतील तर उजेड समोरून आणि खालच्या बाजूने हवा; वर सांगितलेली पांढरी चादर इथे उपयोगी पडते. पोफळीच्या विरीचा किंवा पुठ्ठ्याचा मुखवटा घरी करत असाल तर डोळ्यांची भोकं ऐसपैस कापा, मुलाला पायरीही दिसायला हवी. चकचकीत रबरी मुखवट्यापेक्षा हे फोटोत चांगले दिसतात, त्यांच्यावर उजेड चमकत नाही.

रंग घामाने ओघळतो.

चेहरा धुऊन, कोरडा करून, पातळ थर द्या आणि वर पावडर थापटा. चोळू नका. ऑइल पेंट, पोस्टर कलर, होळीचे रंग चेहऱ्याला लावू नका; चेहऱ्यासाठी म्हणून मिळणारे रंगसुद्धा आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून बघा. कुंकू डोळ्याजवळ नको. आणि रंगवून झाल्यावर पंख्याखाली बसवा, पहिले फोटो तिथेच.

पोर्ट्रेट मोड शिंगं आणि पंख खातो.

हो, कारण मागचं धूसर करताना कडा कुठली ते फोन अंदाजाने ठरवतो. टोपाचे केस, पिसं, झाडूच्या काड्या, जाळीचे पंख यांत तो हमखास चुकतो. साध्या मोडवर या, मुलाला भिंतीपासून चार-पाच हात पुढे आणा आणि तुम्ही जवळ जा. काढण्यापूर्वी लेन्स सुती कपड्याने पुसा; नारळाच्या वडीचं तूप तिथेच लागलेलं असतं.

डीएसएलआर आहे. सेटिंग काय ठेवू?

५० मिमी किंवा ८५ मिमी लेन्स, लेन्सचं भोक एका मुलाला एफ/२.८ च्या आसपास, तिघा-चौघांना एफ/५.६. शटर वर दिलंय तसं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १६०० किंवा ३२०० ला घाबरू नका. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही. फोकस डोळ्यावर, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये) काढा.

एसीच्या खोलीतून एकदम बाहेर आलात की लेन्सवर दव धरतं. कॅमेरा बॅगेतच ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर राहू द्या. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, आणि घरी आल्यावर खारा थर किंचित ओलसर कपड्याने पुसून घ्या.

शिमग्यात आमच्या मुलाचा गोमू-संकासुरासोबत फोटो हवा.

खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, अंगणात येतात तेव्हा नाच होऊ द्या, मग विचारा. पालखी नाचत असताना मध्ये घुसून कुणाला थांबवू नका. ढोलाच्या आवाजाने लहान मुलं बिचकतात, त्यांना कडेवर घेऊनच काढा. आपल्या मुलाला संकासुर करायचं असेल तर दाढी कापसाची, घुंगरू खरे. काही घरांत राखणदाराचं किंवा ग्रामदेवतेचं रूप मुलांनी गमतीत घेतलेलं चालत नाही. वडीलधाऱ्यांना आधी विचारलेलं बरं.

सगळ्या वाडीतल्या पोरांचा एकत्र फोटो?

देवळाच्या पायऱ्यांवर बसवा. काळे वेष कडेला, पांढरे-पिवळे मध्ये, उंच टोप्या मागे. तीन शांत फोटो, मग ‘आता ओरडा!’

दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाकले तर चालेल का?

त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही. स्पर्धेत रडलेल्या, धोतर सुटलेल्या मुलाचा फोटो तर विचारूनही नको. तो पुढच्या वर्षीही त्याच शाळेत जाणार आहे. सगळ्यांना दिसेल असं टाकताना ओळखपत्र, शाळेचं नाव, घराची पाटी कापा आणि फोटोतली जागेची माहिती फोनच्या शेअरच्या पर्यायांतून काढून टाका.

व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो छापला तर फुटतो.

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. आमच्याकडे पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि हा कागद ३:२, त्यामुळे फोटोची आखूड बाजू दोन्हीकडून थोडी कापली जाते. उभ्या फोटोत डावी-उजवी कड जाते, आडव्या फोटोत पहिली जाते ती टोपीच. तेव्हा काढतानाच वर आणि बाजूंना बोटभर जागा सोडा.